काटकोनसरांच्या अडचणी

पहिल्या वर्षाच्या मुलांना 'डिझाइन कौशल्ये' हा नवा विषय शिकवायचा असं वरून ठरलं, आणि कॉलेजातले मास्तर एकेक करून आजारी पडायला लागले. यंत्र विभागाच्या प्रमुखांची पाठ धरली. वीज विभागाच्या बाईंना पुठ्ठ्याची ॲलर्जी निघाली. एकाने तर विषयाचं नाव ऐकूनच लांबच्या आत्याला दवाखान्यात घातलं. विषय असा घरंगळत घरंगळत शेवटी काटकोनसरांच्या पायाशी येऊन थांबला. काटकोनसर हंगामी होते. हंगामी माणसाला पाठ नसते, ॲलर्जी नसते, आत्या तर नसतेच नसते. त्याच्याकडे फक्त 'हो सर' असतं.

काटकोन हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर ड्रॉइंग शिकवायचे आणि फळ्यावर पट्टी न लावता अचूक काटकोन काढायचे. कॉरिडॉरच्या वळणावर ते वळायचेही तसेच, कवायतीतल्या शिपायासारखे. नाव आपल्या कौशल्याच्या गौरवार्थ आहे अशी त्यांची समजूत होती. ती कोणी मोडली नाही. मास्तराला पगार कमी असला की निदान समजुती तरी पुरेशा असू द्याव्यात.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "हे बघा, सत्राच्या शेवटी तपासणी समिती येणार. मुलांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन बघणार. समिती खूश झाली तर तुमची कायम नेमणूक मी स्वतः पुढे करीन."

"आणि नाही झाली तर सर?"

"तर तुम्ही हंगामी आहात हे तुम्हाला ठाऊकच आहे," प्राचार्य प्रेमाने म्हणाले.

या एका वाक्यावर सर अनेक वर्षं जगत होते. दर सत्राला नवं पत्र, दर सुट्टीत धाकधूक. कॉलेजची इमारत त्यांच्यासारख्यांच्या खांद्यावर उभी होती आणि कोनशिलेवर नाव मात्र भलत्याचंच होतं. पण ते असो.

सर कामाला लागले. नव्या विषयाचं सार त्यांनी एका वाक्यात पकडलं: डिझाइन म्हणजे आधी माणसाचं ऐकणं. वाक्य सुंदर होतं. सर ऐकणं या विषयावर पहिले तीन आठवडे अखंड बोलले. मधे एकदा एका मुलाने हात वर केला, तेव्हा सर म्हणाले, "खाली घे, आपण अजून ऐकण्याच्या प्रस्तावनेत आहोत."

चौथ्या आठवड्यात काम दिलं. गटागटाने जायचं, एक माणूस शोधायचा, त्याची रोजची अडचण विचारायची आणि ती सोडवणारी वस्तू बनवायची.

वर्गाने ते वहीत लिहून घेतलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. दहावीपासून तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता, म्हणून तिला सगळे 'पहिला नंबर' असंच म्हणत.

"सर, अडचण सिलॅबसमध्ये आहे का?"

"नाही. ती माणसात आहे."

"मग सर, चार पर्याय द्याल का?"

सरांनी डोक्याला हात लावला. पण पोरीचा तरी काय दोष? या पोरांना धड दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून क्लासमध्ये कोंबलेलं. तिथे प्रत्येक प्रश्नाच्या खाली चार उत्तरं छापलेली आणि त्यांतलं एक बरोबर. जगात असेही प्रश्न असतात ज्यांच्या खाली काहीच छापलेलं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर फी कोणी भरली असती?

त्यातून सामानाचं विघ्न उपटलं. पुठ्ठा, गोंद, तारा घ्यायला सर भांडारात गेले. भांडारवाले काका कपाटाला टेकून बसले होते, जणू त्यांनी हात काढला तर कपाट पळून जाईल.

"काय बनवणार मुलं?" काकांनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय. आधी माणसांना विचारायचं, मग—"

"मग नाही मिळणार. खरेदी समिती सत्रात एकदाच बसते. ती परवा बसतेय. काय बनवणार ते आज लिहून द्या."

"अहो काका, प्रश्नच माहीत नाही, तर उत्तर कसं लिहून देऊ?"

"इथे सगळे तसंच देतात," काका म्हणाले.

शेवटी सरांनी 'गरजेनुसार विविध उपकरणे' असं लिहिलं. खरेदी समितीने त्यावर बराच वेळ विचार केला, चहा घेतला, आणि गच्चीवरची जुनी आगीची सूचना देणारी यंत्रणा मोडीत निघाली होती, तिचे सगळे भोंगे या विषयाला मंजूर केले. प्रत्येक गटाला पुठ्ठा, गोंद, एक लाकडी फळी आणि एक भोंगा. भोंगा घ्यायलाच हवा. मंजूर झालेली वस्तू नाकारली तर पुढच्या वर्षी ती मिळत नाही.

सर वैतागून घरी आले, तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर उभेच. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे.

"काय मास्तर, पोरांना लोकांच्या दारोदार पाठवताय म्हणे? मी दोन पूल बांधले. एकाही माणसाला विचारलं नाही."

"आणि लोक वापरतात ना साहेब?"

"एक वापरतात," साहेब म्हणाले. "दुसऱ्याला चढायला वाट ठेवायची राहिली."

इकडे पहिल्या नंबराने सगळ्या वर्गाला मैदानात गोळा केलं आणि प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. "मार्क कोण देणार?" तिने विचारलं.

"सर."

"वस्तू आवडली पाहिजे कोणाला?"

"सरांना."

"मग माणूस कोण?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. अख्खं शहर अडचणींनी भरलेलं होतं. फाटकावरच्या वॉचमनचे गुडघे होते, कँटीनवाल्या मावशींचं डगमगतं टेबल होतं. पण झाडून सगळ्या गटांनी एकच माणूस निवडला. क्लासने त्यांना शिकवलं होतं तेच त्यांनी केलं: पेपर काढणाऱ्याकडे बघा, पेपरकडे नको.

सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ते घरी परतले आणि दारात चपला-बुटांचा हा ढीग! एवढ्या चपला घराबाहेर फक्त एकाच कारणाने जमतात. कोण गेलं? सासूबाई तर काल फोनवर भांडत होत्या, म्हणजे ठणठणीत. सर धडपडत आत शिरले.

बैठकीच्या खोलीत जमिनीवर मुलं दाटीवाटीने बसली होती. मधोमध सरांच्याच खुर्चीत बायको बसली होती, गाल लाल, डोळे चमकत. सगळे भराभर लिहून घेत होते. कोपऱ्यात साहेब पुरवणी साक्ष द्यायला हजर.

"आणि काकू, सर घोरतात?" पहिल्या नंबराने विचारलं.

"अगं, घोरले असते तर परवडलं असतं. झोपेत शिकवतात. परवा पहाटे मला उठवून म्हणाले, मागच्यांना दिसतंय का?"

"जिन्यात चावी शोधताना सगळे खिसे रिकामे करतात," साहेबांनी भर घातली. "माझ्या दारासमोर. रोज."

"चहा ओतून दिला की गार होईपर्यंत बोलतात, मग गार का म्हणून विचारतात," बायको म्हणाली. "आणि तो एक विनोद आहे त्यांचा. समांतर रेषांचा."

"आम्हाला माहितीये," सगळा वर्ग एकसुरात कण्हला.

सर दारात उभे होते. अंगावर कपडे होते, तरी नसल्यासारखं वाटत होतं.

"काय चाललंय हे? निघा. सगळे निघा!"

मुलं पांगली. साहेब मात्र चहा संपवून निघाले. दार लागल्यावर सरांनी तोफ डागली. शिस्त, प्रतिष्ठा, गुरूचं स्थान, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर. बायकोने ते कप गोळा करता करता ऐकून घेतलं आणि सर श्वास घ्यायला थांबले तेवढ्या फटीत म्हणाली, "अहो, तुम्हीच शिकवलंत ना त्यांना, माणसाचं ऐकायचं म्हणून? किती छान ऐकतात हो पोरं! लग्न झाल्यापासून मी एवढं सलग कधी बोलले नव्हते."

यावर सरांकडे उत्तर होतं, आणि ते त्यांनी बराच वेळ दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला फर्मावलं, माणूस बदला. पहिला नंबर नम्रपणे म्हणाली, "सर, माणसाचं नाव काल भांडारात दिलं. त्याशिवाय भोंगा मिळत नव्हता." सर भांडाराकडे धावले. काका म्हणाले, "बदल खरेदी समितीच करणार. ती पुढच्या सत्रात बसेल." पुढच्या सत्रात समिती बसली असती, पण सर कुठे असते?

तेव्हा सरांनी दात आवळून आपल्याच अडचणींवर मार्गदर्शन सुरू केलं. हंगामी माणसाला कसली प्रतिष्ठा! एका गटाला त्यांनी आपल्या खिशाची मापं दिली. दुसऱ्याला समांतर रेषांचा विनोद पुन्हा सांगून दाखवला, कारण तो कुठल्या शब्दापाशी ओळखू येतो ते मुलांना तपासायचं होतं. दुसऱ्याच शब्दाला ओळखू आला.

आणि सगळ्या वस्तू भोंग्यापाशी येऊन थांबल्या. चहा गार होऊ लागला की भोंगा. चावी विसरली की भोंगा. झोपेत शिकवायला लागले की भोंगा. मोज्यांची जोडी जुळली नाही की भोंगा. प्रश्न कुठलाही असो, उत्तर आधीच भांडारातून आलेलं होतं.

एकाच गटाची पंचाईत झाली. मागच्या बाकावर बसणारी तिघं. त्यांना मिळालेला भोंगा मुकाच निघाला. ती बदलून मागायला गेली.

"खराब आहे याचा पुरावा आणा," काका म्हणाले.

"काका, वाजत नाही. हे बघा, दाबलं. ऐका."

"काही ऐकू येत नाही."

"तेच तर!"

"ऐकू आलं नाही हा पुरावा होत नाही. असा शेरा मी मारला तर उद्या माझ्याच कानाची तपासणी लावतील."

तिघं परत सरांच्या घरी गेली, सर कॉलेजात असताना. हिरमुसून म्हणाली, "काकू, आमच्याकडे वाजणारं काही नाही. भोंग्याशिवाय सुटेल अशी सरांची एखादी अडचण आहे का?"

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझी चालेल?"

तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. हा पर्याय कोणाला सुचलाच नव्हता.

"मला मधे बोलायला फट सापडत नाही रे," ती म्हणाली. "त्यांचं एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू झालेलं असतं. भांडायचं नाहीये मला. फक्त काही सांगायचं असतं, आणि ते राहून जातं."

मग तिघांनी खरोखरच विचार केला. भोंगा असता तर करावा लागला नसता. सर संध्याकाळी एका ठरावीक खुर्चीत बसून बोलत आणि त्या खुर्चीच्या डोक्यावर दिवा होता. तिघांनी काकूंच्या स्टुलाखाली एक बटण बसवलं. ते दाबलं की दिवा मंद व्हायचा. एकदम नाही, हळूहळू. कारण काकू म्हणाल्या होत्या, "एकदम नको रे. दचकतात ते."

चाचणी घरातच सुरू झाली. सरांना सांगायचं नाही असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी सर खरेदी समितीवर बोलत होते. दिवा मंद झाला. सर थांबले, मान वर करून दिव्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बायको म्हणाली, "आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय." दिवा पुन्हा उजळला.

"व्होल्टेज," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. सरांनी वीजवाल्याला बोलावलं. त्याने बल्ब काढून दुसरा लावला. दिवा मंद व्हायचा थांबला नाही. साहेब वर येऊन भिंतीला कान लावून म्हणाले, "वायर म्हातारी झालीय. माझ्या पुलाचंही असंच झालं." सरांनी वीज कचेरीत तक्रार केली. तिथल्या माणसाने विचारलं, दिवा नेमका कधी मंद होतो? सर म्हणाले, मी मुद्द्यावर येतो तेव्हा. त्या माणसाने तक्रार काही घेतली नाही.

पण त्या मंद उजेडात, वर बघत, सर एकेक गोष्ट ऐकत गेले. की वाचनालयात सकाळच्या पाळीला माणूस हवाय, आणि बायकोने होय सांगायचं ठरवलंय, आणि हे ती गेलं वर्षभर सांगायला बघतेय. "बरं," सर दिव्याकडे बघत म्हणाले. "घे ना काम. चांगलं आहे." बायकोच्या बोटाखालचं बटण सुटलंच नाही कितीतरी वेळ.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. समितीच्या प्रमुख एक करारी बाई होत्या. त्यांच्या मागे मान हलवायला दोन गृहस्थ. प्राचार्यांनी दारातच भाषण सुरू केलं, पण पहिल्या टेबलावरचा चहा नेमका गार झाला आणि भोंगा ठणाणला. त्याने मोज्यांचा भोंगा चाळवला, मोज्यांच्याने चावीचा. हॉलभर अशी बोंबाबोंब सुटली की शेजारच्या इमारतीतली माणसं आग लागली म्हणून खाली उतरली.

बाई कानांवर हात ठेवून टेबलामागून टेबल बघत गेल्या. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तोच फोटो, तोच काटकोन.

"या सगळ्या अडचणी एकाच माणसाच्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम," पहिला नंबर अभिमानाने म्हणाली. "ते आमचे सरच आहेत."

बाईंनी सरांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. सरांचे मोजे खरोखरच वेगवेगळे होते. हॉलची फरशी दुभंगली असती तर ते काटकोनात वळून आत उतरले असते.

शेवटच्या टेबलापाशी आवाज नव्हता. एक खुर्ची, एक स्टूल, वर दिवा. स्टुलावर सरांची बायको, वाचनालयातून अर्धी रजा काढून आलेली. सरांनी दिवा पाहिला. मग बटण पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वीजवाला, साहेब आणि वीज कचेरी एकापाठोपाठ सरकत गेले.

"मॅडम, हे जे काही आहे," ते उसळून म्हणाले, "हे माझ्या नकळत, माझ्याच घरात, माझ्याच बल्बशी— म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली एखाद्या माणसाला किती—"

दिवा हळूहळू मंद झाला. सर थांबले. मान आपोआप वर गेली. हॉल हसून हसून लोटपोट झाला, मागचे दोन गृहस्थही न सांगता हसले. बायको मात्र हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मुलांनी मला विचारलं. तोपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं. आणि ही विचारायची बुद्धी त्यांना यांनीच शिकवली. बोलून बोलून शिकवली, पण शिकवली."

सर दिव्याकडेच बघत राहिले. खाली बघण्यात धोका होता, डोळे भरले होते.

बाईंनी बटण स्वतः दाबून पाहिलं. तेवढ्यात प्राचार्य खुर्चीत येऊन बसले आणि कॉलेजच्या उज्ज्वल परंपरेवर बोलू लागले. बाईंनी बटण दाबलं. दिवा मंद झाला. प्राचार्य बोलतच राहिले. दिवा पार विझला. प्राचार्य अंधारातही बोलत राहिले. पहिल्या नंबराने वहीत टिपून घेतलं: 'उपकरणाची मर्यादा.'

समितीने सरांना कायम करण्याची शिफारस केली. आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर नेमणुकीचा आदेश, सही बाकी.

"अभिनंदन. एक छोटीशी गोष्ट. समितीला कल्पना फार आवडली. तेव्हा पुढच्या वर्षीही माणूस तुम्हीच. त्याच्या पुढच्या वर्षीही. खरेदी समितीने भोंगे दुप्पट मागवलेत. आता एवढंच करा सर, सुधारू नका. चहा गारच प्या, चावी विसरतच राहा. आणि तो दिवा भांडारात जमा करून टाका. कॉलेजच्या सामानातून झालाय तो."

सरांनी ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलले नाहीत. दिवा नसताना त्यांना हे पहिल्यांदाच जमत होतं. प्राचार्यांचं पूर्ण संपू दिलं आणि मग म्हणाले, "दिवा मिळणार नाही सर. तो माझ्या बायकोचा आहे. आणि पुढच्या वर्षीचा माणूस मुलांनी निवडलाय."

"कोण?"

"तुम्ही."

प्राचार्य हसले. "मी? अहो, मला कसली अडचण?"

"तुम्हाला नसेलच सर. तुम्हाला नाही विचारणार. पद्धत अशी आहे की घरच्यांना विचारतात."

प्राचार्यांचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. त्यांनी घसा साफ केला, पेन उघडलं, आदेशावर झरझर सही केली आणि कागद सरांकडे सरकवला. मग दाराकडे बघत, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "पोरं अजून घरी गेली नाहीत ना?"

"कालच जाऊन आली सर," काटकोनसर आदेशाची घडी घालत म्हणाले. "तुमच्या मॅडम म्हणाल्या, उद्या परत या, अजून निम्मंही सांगून झालं नाही."